पहिल्या ट्रंपेटचा कागद

दुखवट्याच्या घरात कसं बसावं हे लिओला त्याच्या आईनं शिकवलंच नव्हतं. ओटीवरच्या बाकड्यावर टेकला रे टेकला की त्याचा उजवा पाय सुरू. टाच जमिनीला, चवडा वर-खाली, वर-खाली. समोर काळ्या कपड्यांत गेलेल्याची आई बसलीय, फोटोखाली मेणबत्ती जळतेय, आत सून तांदूळ निवडतेय, आणि ह्या बाप्याचा पाय लग्नाला आल्यासारखा नाचतोय.

"पायाला मुंग्या आल्यात काय रे तुझ्या?" कार्मेलमायनं विचारलं.

"नाय माय. सवय."

"सवय दारात काढून ठेवत जा. चपलेसारखी."

पाय थांबला. दोन घोट चहा पोटात गेला आणि पुन्हा सुरू.

ठाण्याच्या त्या गल्लीत कार्मेलमायच्या नाकावर माशी बसू शकत नव्हती. नवरा गेल्यावर तिनं भाजीच्या पाट्या डोक्यावर वाहून मुलगा वाढवला होता. शाळेचं तोंड तिनं दीड वर्ष पाहिलं. अक्षर तिला लागत नव्हतं, आकडे मात्र कुणाचेही असोत, लांबून वाचायची. आणि एकदा बघितलेलं तोंड विसरायची नाही. कोणाच्या बारशाला कोणी काय आणलं, हे तिला वीस वर्षांनीसुद्धा विचारावं.

मुलगा नॉर्मन. मुंबईच्या मोठ्या हॉटेलातल्या जॅझच्या बँडात तो पहिला ट्रंपेट वाजवायचा. कोट, बो, चकचकीत बूट. मग दारूबंदी आली, हॉटेलांतले नाच ओसरले, बँड मोडले. गोवेकर वाजवणारे सिनेमाच्या स्टुडिओत गेले, नॉर्मन घरी आला. गल्लीच्या टोकाच्या शाळेत फादरांनी त्याला बँडमास्तर नेमलं. आधीच्या बँडात पोरं दोन ढोल आणि चार बिगुलं घेऊन पंधरा ऑगस्टला चालायची, बस. नॉर्मननं बेकार झालेल्या दोस्तांकडून सॅक्सोफोन आणले, ट्रॉम्बोन आणले, आणि मासे विकणाऱ्यांच्या, कारकुनांच्या पोरांना खुर्च्यांवर बसवून कागद वाचायला शिकवलं. "कानानं नाय, डोळ्यांनी वाजवा," म्हणायचा. चौदा खुर्च्या. ह्या भागात शाळेच्या पोरांचा असा बँड कोणी पाहिलेला नव्हता. मोठी माणसंसुद्धा शिकायला यायची. रविवारी कळव्याहून, कल्याणहून, पार आंबिवलीहून. लग्नाच्या बँडातले, ऑफिसातले. लिओ हा त्याचा उजवा हात, दुसरा ट्रंपेट.

चोपन्न सालच्या ऑगस्टात नॉर्मनला कावीळ झाली. अकरा दिवसांत माणूस गेला. वय छत्तीस.

कार्मेलमाय रडली नाही. पेटी घरातून निघाली तेव्हा नाही, माती टाकली तेव्हा नाही. लोक म्हणाले, नंतर रडेल. नंतर म्हणजे कधी ते तिलाही कळेना. सकाळी उठायची, चूल पेटवायची, देवळात जायची, येऊन ओटीवर बसायची. जीभ तेवढी चालू होती. बाकी सगळं पाण्यात बुडवून ठेवल्यासारखं.

आता लिओचा दुसरा गुन्हा ऐका. महिन्याच्या मिस्साला, देवळातल्या प्रार्थनेला, तो आला, पण नंतर चहाला थांबला नाही. शाळेत तालीम आहे म्हणून पळाला. आणि रीत अशी की गेलेल्या माणसाच्या वस्तू महिन्याच्या आत घराबाहेर पडाव्यात. कपडे गरिबाला, हत्यार त्या कामातल्या माणसाला. सुताराची करवत सुताराला, कोळ्याचं जाळं कोळ्याला. नॉर्मनचं ट्रंपेट शाळेच्या मालकीचं होतं, ते शाळेत गेलं. मग वाजवणाऱ्यांना द्यायचं काय? पेटाऱ्यात कागद होते. रेघा आखलेले, त्यावर काळे ठिपके. जाण्याआधीच्या महिन्यात तो दिवसरात्र तेच लिहीत बसलेला. सगळ्या कागदांच्या माथ्यावर एकच नाव, एकाच वळणाचं. एक गाणं पोरानं हातानं इतक्या वेळा उतरवून ठेवलंय, लोकांना वाटायलाच असणार, असं कार्मेलमायला वाटलं. चहा झाल्यावर देवळाच्या आवारात तिनं तेरा माणसांच्या हातात तेरा कागद ठेवले. "माझ्या नॉर्मनची आठवण," म्हणाली. माणसांनी कागद डोळ्यांना लावले. तिच्या मनासारखं झालं.

आणि आता नोव्हेंबरात लिओ बाकड्यावर बसून पाय नाचवत विचारत होता, "माय, नॉर्मनचा तो नवा पीस कुठंय?"

"कुठला पीस?"

"इस्पितळात मला म्हणालेला, शाळेच्या संमेलनाला हा वाजव. कोणी ऐकलेला नाय अजून. तालीमच झाली नाय. पेटाऱ्यात चौदा पार्ट असतील बघ."

"ते होय. ते वाटले."

"वाटले?"

"मिस्साच्या दिवशी. तू थांबला असतास तर तुलाही मिळाला असता."

लिओ बाकड्यावरून अर्धा उठला. "एखादा घरात असेल ना?"

"एक कोणाकडून तरी उतरवून घे. सगळे सारखेच तर आहेत."

"माय," लिओ अगदी हळू बोलला, जसं लहान मुलाला सांगावं, आणि तेच तिला झोंबलं. "सारखे नसतात ते. नाव एक असतं. पण एक कागद ट्रॉम्बोनचा, एक ड्रमचा, एक पियानोचा. प्रत्येकाचे सूर वेगळे. चौदा एकत्र वाजले की गाणं. सगळं एकत्र लिहिलेला कागद नॉर्मन करायचाच नाय, ते तो डोक्यात ठेवायचा."

आत तांदूळ पाखडणारं सूप थांबलं. सबीना, सून, ऐकत होती.

"कोणाकोणाला दिलेस?" लिओनं विचारलं. "यादी आहे?"

"मी काय तलाठी आहे? तोंडं आठवतात मला."

म्हणजे तिलाच बरोबर जायला हवं होतं. मेलेल्याच्या नावानं दिलेलं परत मागायचं. कार्मेलमायनं आयुष्यात दिलेली वाटीसुद्धा कधी मागितली नव्हती.

"मागायचं नाय," लिओ म्हणाला. "तिथंच बसून मी उतरवून घेईन. तू फक्त घर दाखव."

"आणि पाय घरी ठेव," ती म्हणाली.

पेटाऱ्यात कागद चौदा होते आणि माणसं तेरा, हे लिओच्या ध्यानात यायला अजून वेळ होता. कार्मेलमायच्या मात्र तेव्हाच आलं. चौदावा कुठे आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. ज्या दिवशी नॉर्मनला पेटीत ठेवलं, त्या दिवशी हातात जपमाळ होती, पण वाजवणाऱ्याच्या हातात वाजवायचं काहीच नव्हतं. तिनं पेटारा उघडला, सगळ्यात वरचा कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि त्याच्या बोटांखाली सारला. चौदातला एक गेला तर काय बिघडतं. सबीना तेव्हा त्याच्या कोटाची बटणं लावत होती. तिनं पाहिलं होतं.

ही गोष्ट ती लिओला तिथल्या तिथे सांगू शकली असती. सांगितली नाही. 

ठाण्यातले दहा कागद चार दिवसांत झाले. मग कळवा. तानाजी तिथल्या लग्नाच्या बँडात ड्रम वाजवायचा. तो घरी नव्हता, त्याची आई बायजा होती. कार्मेलमाय आणि बायजा दोघी एका बाजारात पाट्या घेऊन बसलेल्या, त्यामुळे आधी दहा मिनिटं एकमेकींच्या उखाळ्यापाखाळ्या झाल्या. मग कागदाचं निघालं. बायजानं सुकटीचा डबा उघडला. कागद तळाशी पसरलेला.

"मना काय ठावं गो," बायजा म्हणाली. "चांगला जाड कागद. मना वाटला डब्याला टाकाया दिलास."

"नॉर्मनच्या हातचा आहे तो, बायजे."

"मंग सुकट बी माझ्या हातची हाय."

लिओ हसला. कार्मेलमाय हसली नाही, पण रागावलीही नाही. एरवी तिनं बायजाला उभी चिरली असती. कागद लिओनं खिडकीशी धरला, वास टाळत उतरवून घेतला. उतरवताना पाय सुरूच. टाच जमिनीला, चवडा वर-खाली. तो ठिपके डोळ्यांनी वाजवत होता, पाय ताल धरत होता.

मधेच त्याचं पेन थांबलं. कागदावर एक जाड आडवी रेघ होती आणि तिच्यावर आठाचा आकडा.

"हे काय?" तिनं विचारलं. आकडा दिसला की ती विचारणारच.

"आठ बार गप्प बसायचं. एका बारात चार ठोके, म्हणजे बत्तीस ठोके मोजायचे फक्त."

"ह्याआधीच्या कागदांवर पण होता हा आठ."

"सगळ्यांवर आहे, एकाच जागी." लिओचे डोळे चमकले. "म्हणजे तिथं सगळे गप्प आणि पहिला ट्रंपेट एकटा. नॉर्मननं स्वतःसाठी ठेवलेली जागा. तो पार्ट मिळू दे माय, मग बघ."

ती बायजाच्या डब्याचं झाकण लावू लागली.

कल्याणला प्रभाकर. कचेरीत कारकून, घरी क्लॅरिनेट. घर असं की चहाच्या कपालासुद्धा बशीत नीट मध्यावर बसावं लागे. कागद त्यानं फायलीत लावून ठेवला होता. लिओ उतरवायला बसला, तेव्हा प्रभाकरनं घसा साफ केला.

"मावशी, एक सांगायचं होतं. राग मानू नका. मी हा घरी वाजवून पाहिला होता. चार सूर, मग गप्प, मग दोन सूर, मग पुन्हा गप्प. काही अर्थच लागेना. मला वाटलं... मास्तर शेवटी शेवटी भ्रमात असावेत. कावीळ डोक्यात गेली असावी. तुम्हाला कसं सांगणार, म्हणून गप्प बसलो."

"बाकीच्यांनाही तसंच वाटलं असेल," कार्मेलमाय म्हणाली.

"असेल," प्रभाकर खाली मान घालून म्हणाला. "आंबिवलीचा सहदेव मला भेटला होता. तोही तेच म्हणाला."

म्हणजे तेरा घरांत तेरा माणसं तिच्या पोराला वेडा समजून हळहळत होती, आणि हे तिनंच आपल्या हातानं वाटून आलेलं. ह्यावर काही वाटायला हवं होतं. तिनं आत चाचपून पाहिलं. काही नव्हतं. बशीत कप ठेवला, नीट मध्यावर.

आंबिवलीत सहदेवनं कागदाला फ्रेम केली होती. देवांच्या शेजारी, हळदकुंकू लावून. उलटी.

"वाजवून पाहिलास म्हणे," लिओ म्हणाला.

"पाहिला की. अन् नाय जमला म्हणून देवात ठेवला," सहदेव म्हणाला. फ्रेम काढून सरळ केली, कागद लिओला उतरवू दिला आणि पुन्हा खिळ्याला लावली. ह्या वेळी सरळ.

परतताना गाडीत लिओनं वही मांडीवर घेऊन मोजलं. तेरा. पुन्हा मोजलं.

"पहिला ट्रंपेट नाय ह्यात. चौदावा माणूस कोण, माय?"

"आठवत नाय."

लिओनं तिच्याकडे पाहिलं. बाराशे बारशी आठवणारी बाई. "जरा आठव ना."

"नाय आठवत म्हटलं ना! म्हाताऱ्या माणसाला उलटं टांगून झाडणार आहेस काय?"

त्यानं वही मिटली. पाय मात्र खाली चालूच राहिला, आणि ती कळव्यापर्यंत त्या पायाकडे बघत राहिली.

रात्रीच्या जेवणाला सबीनानं भाकरी वाढली आणि वाढता वाढताच म्हणाली, "सांगून टाका माय."

"काय?"

"लिओ आज शाळेच्या शिपायाच्या घरी जाऊन आला. उद्या कुर्ल्याला जाणार आहे म्हणे, कोणी गोवेकर मिस्साला आलेला त्याला शोधायला."

"जाऊ दे. तरणा आहे."

"तुमचा मुलगा होता, तसा माझा नवरा होता," सबीना म्हणाली. आवाज चढवला नाही. "मी काही बोलले नाही, कारण त्याच्या हातात काहीतरी हवं असं मलाही वाटलं. पण तो कागद शोधत फिरणारा माणूस मला बघवत नाही."

"मीठ कमी आहे," कार्मेलमाय म्हणाली.

सबीनानं मिठाची वाटी पुढे सरकवली. 

जानेवारीत संमेलन. फादरांनी लिओला सांगितलं, अर्धवट पीस कशाला वाजवतोस, सिनेमातलं एखादं गाणं बसव, लोक टाळ्या पिटतील. लिओ बधला नाही. मग फादर म्हणाले, निदान ती ट्रंपेटची जागा तूच लिहून काढ, तुला येतं. त्यावर लिओ म्हणाला, मी लिहिली तर ती माझी होईल. हे सगळं त्यानं बाकड्यावर बसून कार्मेलमायला सांगितलं.

"मग कसं वाजवणार?" तिनं विचारलं.

"आहे तसंच. चौदावी खुर्ची मोकळी."

"लोक हसतील."

"हसू देत. नॉर्मनला शब्द दिलाय."

इथे सांगायला हवं होतं. लिओचा पाय वर-खाली होत होता, आणि ती म्हणाली, "चहा निवतोय तुझा."

संमेलनाला ती गेली. सबीनानं काळी शाल दिली. फादरांनी पहिल्या रांगेत बसवलं. दिव्यांखाली पोरं बसली होती, पांढरे सदरे, केसांना तेल. पुढे मोकळी खुर्ची, तिच्यावर शाळेचं ट्रंपेट आडवं ठेवलेलं. लिओ उभा राहिला, हात वर केला.

पहिल्यांदा ड्रम, मग जाड आवाजाचं काहीतरी, मग ट्रॉम्बोन. कार्मेलमायला काही ओळखीचं लागेना. मागे कोणीतरी कुजबुजलं, "गाणं कधी सुरू होणार?" आणि त्याचंही खरं होतं. लग्नाचा मांडव घातलाय, आचारी आलेत, वऱ्हाड बसलंय आणि नवराच नाही, तसं ते वाजत होतं. सॅक्सोफोन कोणालातरी उत्तर देत होते. प्रश्न कोणी विचारलेलाच नव्हता.

मग तिला ऐकू आलं. तिच्या डोक्यात, भिंतीपलीकडून. नॉर्मन मेच्या गरमीत खोलीचं दार लावून, ट्रंपेटच्या तोंडात फडकं कोंबून हेच वाजवायचा. तेच चार सूर, पुन्हा, पुन्हा, दोन महिने. "पुरे झालं रे, डोकं उठलं!" म्हणून तिनं किती वेळा भिंतीवर लाटणं आपटलं होतं. तेव्हा तिला वाटायचं, हे गाणं असं तुटकं का, मधे मधे थांबतो का. तो थांबायचा तिथे आता ट्रॉम्बोन बोलत होते. तो बोलायचा तिथे आता भोक होतं. तिनं भिंतीतून एकच कागद ऐकला होता. आणि हा हॉल बाकीचे तेरा ऐकत होता. चौदाच्या चौदा फक्त तिलाच ऐकू येत होते.

डोळे कोरडेच होते. हात मांडीवर, जसे ठेवले तसे.

मग आठाचा आकडा आला. सगळी वाद्यं एकदम खाली. हॉलमध्ये चिडीचूप. मागे एक पोर फिसकन हसलं, कोणी तरी दटावलं. आणि त्या शांततेत एकच आवाज, लिओच्या बुटाचा. ठक, ठक, ठक, ठक. तो मोजत होता. मोकळ्या खुर्चीसाठी ताल धरत होता.

त्या ठोक्यांवर नॉर्मन वाजवत होता. वर चढायचा, वर चढायचा, मग शेवटच्या तुकड्याआधी श्वासाला थांबायचा. श्वास घेताना मागे रेलायचा, आणि खुर्ची करकरायची. ते करकरणं तिला भिंतीतून रोज ऐकू यायचं. त्यानंतरच शेवटचा तुकडा. ती करकरण्याची वाट बघत बसली.

खुर्ची अजून करकरली नव्हती, तोच लिओचा हात पडला आणि तेरा जण आत घुसले.

टाळ्या थोड्याच झाल्या. फादरांनी पुढचा कार्यक्रम पुकारला. लिओ पडद्यामागून घामानं भिजून तिच्यासमोर येऊन उभा राहिला. सबीना बाजूला उठून उभी राहिली, जशी तेव्हा पेटीजवळ उभी होती.

"फसलं ना माय?" लिओ म्हणाला. उभ्या उभ्याही त्याचा पाय हलत होता.

"तो कागद कबरीत आहे," कार्मेलमाय म्हणाली. "मीच ठेवला नॉर्मनच्या हातात. पहिल्या दिवसापासून मला ठाऊक होतं, आणि मी तुला वणवण फिरवला."

लिओचा पाय थांबला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कोणी न सांगता थांबला. तो सबीनाकडे बघू लागला. तिनं मान हलवली, हो म्हणून.

"आता माझ्याकडे बघ," कार्मेलमाय म्हणाली. "कबर कोणी उकरायची नाय. उद्या वही घेऊन घरी ये. मी तोंडानं म्हणते, तू लिही. माझा आवाज फाटका आहे, पण सूर सगळे आहेत. आणि लिओ, तुझा पाय लबाड आहे. बत्तीसच मोजलेस, पण पळत मोजलेस. माझा नॉर्मन शेवटाआधी श्वास घेणार होता, तेवढ्यात तू सगळ्यांना आत ढकललंस. पाय नाचवायचाय तर नाचव माझ्या घरात, पण मुकाट्यानं थांबायला शिक."